पहिला घड

माघ सरत आला की गावोगावच्या बाजारांत द्राक्षांच्या पेट्या उतरू लागतात. नाशिकची, तासगावची, सोलापूरची, जुन्नर-नारायणगावची द्राक्षे घरोघरी येतात. परातीत पाणी घेऊन ती धुतली जातात आणि खाता खाता घरातील कोणीतरी म्हणतेच, “आपल्या अंगणात एखादी वेल लावायला काय हरकत आहे?” हरकत काहीच नसते. रोपवाटिकेतून पिशवीतले रोप येते, कुंपणालगत खड्डा खणला जातो, मुले दोन दिवस हौसेने पाणी घालतात. मात्र दोन-तीन वर्षांनी पाहावे, तर बहुतेक अंगणांत कुंपणावर नुसते पानांचे जाळे पसरलेले असते किंवा काठीला बांधलेली एक वाळकी काडी उभी असते.

दोष हवामानाचा नसतो. ज्या महाराष्ट्रातून द्राक्षे परदेशी जातात, तेथील अंगणात ती पिकू नयेत असे काही नाही. दोष रोपाचाही क्वचितच असतो. चूक होते ती वेलीकडून काय मागावे आणि केव्हा मागावे, या क्रमात. आंबा किंवा चिकू लावणारा मनुष्य पाच-सहा वर्षे थांबायची तयारी ठेवूनच झाड लावतो. द्राक्षवेल मात्र पहिल्याच वर्षी पुरुषभर उंच वाढते, दुसऱ्या वर्षी घडही दाखवते आणि त्यामुळे ती तयार झाली असे वाटू लागते. वस्तुतः त्या वेळी तिची मुळे, खोड आणि ओलांडे, म्हणजे खोडापासून निघणारे दोन आडवे हात, घडतच असतात. हे तिचे भांडवल. ज्या दुकानाच्या गल्ल्यातून पहिल्याच वर्षी घरखर्च उचलला जातो, त्या दुकानात पुढे माल भरता येत नाही, हे व्यापारी घरांना निराळे सांगायला नको. वेलीचा हिशेबही असाच आहे.

कोणती वेल आणावी

घरासाठी वेल निवडताना दोन प्रश्न विचारावेत. फळ कोणते हवे आणि मूळ कोणाचे आहे?

फळाच्या दृष्टीने बिनबियांच्या हिरव्या द्राक्षांत ‘थॉमसन सीडलेस’ आणि तिच्यातून निवडलेले वाण आपल्याकडे रुळलेले आहेत. तासगाव तालुक्यात निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा त्यांपैकी एक. लांबट मण्यांचा ‘सोनाका’ हा सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील बागायतदार नानासाहेब काळे यांनी निवडला. काळ्या, बिनबियांच्या ‘शरद सीडलेस’चे श्रेयही त्यांचेच. ही सर्व द्राक्षे गोड आणि देखणी असली तरी पावसाळ्यात नाजूक असतात. ज्या घरी फवारणीला वेळ नाही अथवा मन होत नाही, तेथे ‘बंगलोर ब्लू’ ही जांभळट, बियांची, सुगंधी द्राक्षे अधिक सोशिक ठरतात. करपा रोगाला ती बऱ्यापैकी तोंड देतात. त्यांची साल जाड असते, पण रसासाठी आणि सरबतासाठी ती उत्तम.

दुसरा प्रश्न मुळाचा. आज महाराष्ट्रात बहुतेक द्राक्षवेली दोन वेलींच्या जोडातून उभ्या असतात. वरचा भाग हव्या त्या वाणाचा आणि खालचा खुंट दुसऱ्याच जातीचा. ही पद्धत जगाला एका आपत्तीने शिकवली. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये ‘फायलोक्सेरा’ नावाची मुळांवर जगणारी सूक्ष्म कीड अमेरिकेतून आली आणि तिने तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त करण्यास सुरुवात केली. अमेरिकेतील रानवेलींची मुळे त्या किडीला दाद देत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्या मुळांवर युरोपीय द्राक्षांची कलमे बांधण्यात आली आणि तेथील द्राक्षशेती वाचली. महाराष्ट्रात खुंटाची गरज निराळ्या कारणाने भासली. येथे प्रश्न होता पाण्याच्या टंचाईचा आणि क्षारांचा. बोअरचे पाणी खारवट झाले की पानांच्या कडा करपतात आणि वेल खंगत जाते. अमेरिकेतूनच आलेला ‘डॉगरिज’ हा खुंट ताण आणि क्षार दोन्ही सोसतो, म्हणून तो येथे रुजला.

घरी बोअरचे पाणी वापरायचे असेल, तर डॉगरिजवर कलम केलेले रोपच आणावे. ते विश्वासाच्या, नोंदणीकृत रोपवाटिकेतून घ्यावे. कलमाचा जोड नीट भरून आलेला आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे. लावताना तो जोड जमिनीच्या वर किमान वीतभर राहिला पाहिजे. जोड मातीत गाडला गेला, तर वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटतात आणि खुंटासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

याच्या उलट धोकाही ध्यानात ठेवावा. जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे येत राहतात. ते जोमदार असतात आणि नवख्याला वेल छान वाढते आहे असे वाटते. ते वाढू दिले, तर वर्षभरात वरचे कलम उपाशी राहून मरते आणि अंगणात निव्वळ रानवेल उरते. पाटी एका मालकाची आणि पेढीवर बसलेला दुसराच, अशी ती अवस्था. म्हणून पहिली दोन वर्षे दर आठवड्याला जोडाच्या खाली नजर टाकावी आणि दिसेल तो फुटवा कोवळा असतानाच मुळापासून खुडावा.

जागा आणि खड्डा

वेलीला दिवसातून किमान सहा ते आठ तास ऊन हवे. उन्हाचा वाटा कमी पडला, तर पाने येतात, घड येत नाहीत. पूर्वेची अथवा दक्षिणेची मोकळी बाजू सर्वांत चांगली. भिंतीपासून दोन फूट अंतर ठेवावे, म्हणजे मुळांना जागा मिळते आणि पानांतून वारा खेळतो. दोन वेली लावायच्या असल्यास त्यांत सहा ते आठ फुटांचे अंतर असावे.

खड्डा दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल घ्यावा. तो खणल्यावर आठ-पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. पाण्याचा निचरा पाहण्यासाठी त्यात दोन बादल्या पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले, तर ती जागा सोडावी किंवा तेथे फूटभर उंच वाफा करावा. काळ्या, चिकण मातीच्या अंगणात ही काळजी विशेष घ्यावी लागते. भरताना चांगली पोयट्याची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, सुमारे अर्धा किलो निंबोळी पेंड आणि तेवढेच सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. निंबोळी पेंडीने वाळवीलाही अटकाव होतो.

खतांच्या बाबतीत एक सूचना आपल्या घरांसाठी आवश्यक आहे. बागकामाच्या अनेक पुस्तकांत द्राक्षाच्या खड्ड्यात हाडांचा चुरा घालण्यास सांगितलेले असते. बाजारातील काही ‘सेंद्रिय’ खतांतही हाडांचा अथवा मासळीचा अंश असतो. ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांनी पिशवीवरील घटक वाचूनच खरेदी करावी. स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट आणि नत्रासाठी निंबोळी, करंज अथवा शेंगदाणा पेंड घातल्याने वेलीचे काहीही उणे पडत नाही.

लागवडीचा सर्वांत सोयीचा काळ म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. थंडी ओसरत असते, पुढे वाढीचे दिवस असतात आणि पावसाळा येईपर्यंत मुळे स्थिरावतात. तो काळ हुकल्यास पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात लागवड करावी. भर पावसात किंवा वैशाखाच्या उन्हात रोप लावू नये. लावताना पिशवी कापून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये आणि शेजारी एक सरळ बांबू लगेच रोवावा. नंतर रोवलेला बांबू नव्या मुळांतून जातो.

पाणी: थोडे आणि वेळेवर

कोवळ्या वेली तहानेने जितक्या मरतात, त्याहून अधिक लाडाने मरतात. घरातील प्रत्येक जण येता-जाता तांब्याभर पाणी ओततो, वरची दोन बोटे माती सदा ओली राहते, खालची मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडली की पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते.

पाणी देण्याची रीत सोपी आहे. खोडापासून वीतभर अंतरावर गोल आळे करावे. मातीत तर्जनी दोन पेरे खुपसून पाहावी. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये, कोरडे लागले तर चार-पाच लिटर सावकाश द्यावे. उन्हाळ्यात ही वेळ दोन-तीन दिवसांनी येते, थंडीत आठवड्याने. पावसाळ्यात आळे मोडून माती खोडाकडे चढवावी, म्हणजे पाणी साचत नाही. आळ्यावर उसाचे पाचट किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये.

आणखी एक धोका कुंपणाबाहेरून येतो. द्राक्षवेल ‘टू-फोर-डी’ या तणनाशकाला विलक्षण हळवी असते. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ते फवारले आणि वाऱ्याने त्याचे तुषार आले, तरी कोवळी पाने पंख्यासारखी आकसतात व वाढ खुंटते. शेजाऱ्याला आधीच नम्रपणे सांगून ठेवणे हा यावर उत्तम उपाय.

पहिले वर्ष: वाढू द्यावे, मग कापावे

पहिल्या वर्षी एकच काम असते. पानांनी अन्न तयार करायचे आणि मुळांनी ते साठवायचे. जोडाच्या वरच्या फुटव्यांपैकी सर्वांत जोमदार आणि सरळ असा एक निवडून बांबूला बांधावा. बांधताना सुतळीचा इंग्रजी आठासारखा सैल फास घालावा, म्हणजे खोड जाड झाले तरी दोरी रुतत नाही. वेलीच्या बाळ्या, म्हणजे आधारासाठी निघणारे वळलेले तंतू, काढून टाकाव्यात. त्या एकमेकांना आवळतात आणि पुढे छाटणी अवघड करतात. इतर फुटवे पूर्ण काढू नयेत. तीन-चार पानांवर शेंडा खुडून ठेवावेत, कारण या वर्षी प्रत्येक पान मुळांसाठी राबत असते. खत द्यायचे ते महिन्याकाठी मूठभर पेंड, एवढेच. नत्र फार झाले तर लुसलुशीत वाढ होते, काडी पिकत नाही आणि रोगांना आमंत्रण मिळते.

वर्ष सरून पुन्हा फेब्रुवारी येतो, तेव्हा घरधन्याची पहिली परीक्षा होते. बांबूवर पाच-सहा फूट वाढलेली वेल उभी असते. तिच्या बुंध्याजवळची काडी पेन्सिलीहून बारीक असेल, तर जोडाच्या वर दोन-तीन डोळे ठेवून बाकी सर्व वाढ कापून टाकावी लागते. बागायतदार याला ‘रिकट’ म्हणतात. वर्षभर जपलेली वेल एका क्षणात वीतभर उरते. घरातील मंडळी हळहळतात, कोणी कात्री हातातून काढूनही घेते.

परंतु या कापण्यामागचा हिशेब स्पष्ट आहे. वर्षभरात पानांनी जे कमावले, ते मुळांत जमा झालेले असते. वरची बारीक, वाकडीतिकडी काडी ठेवली, तर ती जमा असंख्य डोळ्यांत वाटली जाते आणि एकही फुटवा धड होत नाही. तीच जमा दोन-तीन डोळ्यांच्या वाट्याला आली, की त्यांतून निघणारा फुटवा आठवड्यागणिक फूटभर वाढतो, सरळ आणि जाड होतो. उद्याचे खोड त्याचे व्हायचे असते. काप स्वच्छ धारेच्या सिकेटरने, डोळ्याच्या थोडा वर, तिरका घ्यावा. कापलेल्या जागेतून काही दिवस पाणी ठिबकते. त्याला घाबरू नये.

दुसरे वर्ष: खोड, ओलांडा, काडी

रिकटनंतर आलेल्या फुटव्यांतून एक ठेवून तो बांबूवर सरळ चढवावा. मांडव सहा-सात फूट उंचीचा असावा, म्हणजे खालून मनुष्य ताठ चालू शकतो. फळाचा आणि ओल्या पानांचा भार मोठा असतो, म्हणून लोखंडी नळ्या आणि जाड तार वापरावी. बांबूचा मांडव दोन पावसाळ्यांत कुजतो आणि ऐन फळात कोसळतो.

फुटवा मांडवापासून फूटभर खाली आला, की त्याचा शेंडा खुडावा. शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटतात. त्यांपैकी समोरासमोरचे दोन निवडून विरुद्ध दिशांना तारेवर आडवे न्यावेत. हेच दोन ओलांडे. तेही एका दमात लांब वाढू न देता आठ-दहा पानांवर थांबवावेत आणि पुन्हा पुढे न्यावेत, म्हणजे बुंध्यापासून टोकापर्यंत सारख्या अंतरावर काड्या निघतात. दोन काड्यांमध्ये चार-पाच बोटांचे अंतर राहावे. घाईने लांबवलेल्या ओलांड्यावर मधे मोकळी जागा राहते आणि ती पुढे भरून काढणे कठीण होते.

येथे महाराष्ट्रातील द्राक्षाचे एक वैशिष्ट्य समजून घ्यावे. थंड देशांत, आणि आपल्याकडे पंजाब-दिल्लीकडेही, हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपते. तेथे वर्षातून एकदा छाटणी होते. आपल्या दख्खनच्या उष्ण हवेत वेल झोपतच नाही. म्हणून येथे वर्षातून दोनदा छाटून एकच पीक घेण्याची पद्धत रूढ झाली. एप्रिलमधील खरड छाटणीत मागील काड्या एखादा डोळा ठेवून कापल्या जातात आणि नव्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरमधील फळछाटणीत त्याच काड्या पाच-सहा डोळ्यांवर, वाणानुसार थोड्या कमी-अधिक, कापल्या की घड बाहेर पडतात. त्यानंतर साधारण चार महिन्यांनी फळ हाती येते.

या दोन छाटण्यांच्या मध्ये एक गोष्ट डोळ्यांआड घडते. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी, नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड आकार घेऊ लागतात. डिसेंबरात दिसणाऱ्या फुलोऱ्याचा निकाल जूनमध्येच ठरलेला असतो. त्या दिवसांत काड्यांवर ऊन पडले नाही, पानांची गर्दी झाली, पाणी अती झाले, तर डोळ्यांत घडाऐवजी बाळी तयार होते. मग ऑक्टोबरात कितीही खत घातले तरी उपयोग नसतो. म्हणून मे-जूनमध्ये मांडवाखाली उभे राहून वर पाहावे. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत असतील तर ठीक, गर्द सावली असेल तर बगलफुटी काढून विरळणी करावी.

पहिला घड

या रीतीने चाललेल्या वेलीची पहिली फळछाटणी लागवडीनंतर सुमारे वीस महिन्यांनी येते. पंधरा-वीस दिवसांत फुटी निघतात आणि पानांआड मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचे इवलेसे घड दिसू लागतात. हीच घरधन्याची दुसरी परीक्षा, पहिलीहून कठीण.

अशा वेळी घरात काय होते, हे कोणीही डोळ्यांसमोर आणू शकेल. वेल आजोबांनी लावलेली असते. नातवाने शाळेत सांगून ठेवलेले असते. शेजारीण रोज येऊन घड मोजते. आणि आजोबांच्या मनात एक गोष्ट असते, ती ते बोलत नाहीत. पुढच्या वर्षीपर्यंत थांबायला वेलीला सांगता येते, वयाला सांगता येत नाही. अशा घरी ‘सगळे घड खुडा’ हे वाक्य उच्चारणे सोपे नाही.

तरीही बहुतेक वेळा तेच करावे लागते. घड हा वेलीवरचा सर्वांत मागणी करणारा भाग असतो. फळ धरले की पानांत तयार होणारी साखर प्रथम त्याच्याकडे जाते आणि खोड व मुळे यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. खोड जाड झालेल्या वेलीला हे परवडते, कारण तिच्या लाकडात साठा असतो. कोवळ्या वेलीला ते परवडत नाही. पहिल्या वर्षी वीस घड घेतलेल्या कोवळ्या वेलीची पुढच्या एप्रिलमध्ये फूट कमजोर येते, काड्या बारीक राहतात, डोळ्यांत घड नीट बनत नाहीत आणि तिसऱ्या वर्षी, जेव्हा मांडव भरायला हवा, तेव्हा तो रिकामा राहतो. व्याजाच्या आशेने मुद्दल मोडल्यासारखे होते.

निर्णयासाठी एक साधी कसोटी पुरते. खोडाची जाडी अंगठ्याहून कमी असेल, तर सर्व घड फुलोऱ्यापूर्वीच खुडावेत. ते जितके लहान असतील तितका वेलीचा खर्च कमी. खोड अंगठ्याएवढे किंवा अधिक जाड असेल, ओलांडे पूर्ण झालेले असतील आणि काड्या तपकिरी, पिकलेल्या असतील, तर चार-पाच घड ठेवण्यास हरकत नाही. तेही एका काडीवर एकापेक्षा अधिक नकोत. ज्या घरी वडीलधाऱ्यांची इच्छा आहे, तेथे अशक्त वेलीवरही एक घड अवश्य ठेवावा. एका घडाने वेल बुडत नाही. मात्र तो एकच असावा आणि तो कोणता ठेवायचा हे वेल लावणाऱ्याने ठरवावे. बाकीचे खुडण्याचे काम नातवाच्या हातात द्यावे. पुढे बरोबर काय केल्याने मांडव भरला, हे त्याच्याच लक्षात राहील.

रोग: आधीची काळजी

कोवळ्या वेलीची रोगांशी गाठ प्रामुख्याने पावसाळ्यात पडते. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी लव दिसली की तो केवडा. कोवळ्या फुटींवर काळे, खोलगट ठिपके म्हणजे करपा. कोरड्या, गार हवेत पानांवर पिठासारखी पांढरी पूड दिसली तर ती भुरी. या तिन्ही बुरशी आहेत आणि तिन्हींना दाटी आवडते. म्हणून विरळणी, वाऱ्याला वाट, गळलेली पाने रोज उचलणे आणि संध्याकाळी पानांवर पाणी न मारणे, ही पहिली चार औषधे. किडींच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे. सैल साली काढून खोड स्वच्छ ठेवले, मुंग्यांची रांग वेळीच थांबवली आणि पाण्याच्या फवाऱ्याने पिठ्या ढेकूण धुऊन काढला, तर जीव मारण्याची वेळ सहसा येत नाही.

केवडा आणि करपा यांवरील जुना उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण. त्याची कथा व्यापारी मंडळींना आवडेल अशी आहे. फ्रान्समधील बोर्डो शहराजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षे वाटसरू चोरत. बागमालकांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडले, म्हणजे ती विषारी दिसावीत. १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले, की केवड्याने इतर वेलींची पाने गळाली असताना रस्त्याकडेच्या याच वेली हिरव्या आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रणाचे प्रमाण प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेली युक्ती जगभरच्या बागांचे औषध झाली.

कोवळ्या वेलीसाठी हे मिश्रण अर्धा टक्का पुरते. एक लिटर पाण्याला पाच ग्रॅम मोरचूद आणि पाच ग्रॅम चांगला चुना. दोन्ही निराळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मोरचुदाचे पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतावे. लोखंडी सुरीचे पाते त्यात मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी आहे, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे, हातमोजे घालावेत आणि ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. भुरीसाठी पाण्यात विरघळणारे गंधक चालते, पण कडक उन्हात ते फवारल्यास पाने भाजतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकदम फुटावेत म्हणून व्यापारी बागांत ‘हायड्रोजन सायनामाइड’ लावतात. ते अत्यंत विषारी असल्याने घराच्या अंगणात आणूच नये. दोन-चार डोळे मागेपुढे फुटले, तर घरचे काही बिघडत नाही.

ज्यांना अंगण नाही, त्यांना गच्चीवरही वेल ठेवता येते. त्यासाठी दोन फूट खोल कुंडी किंवा तळाला भोके पाडलेला दोनशे लिटरचा पिंप हवा. पाणी अधिक वेळा द्यावे लागते आणि घड कमीच ठेवावे लागतात, कारण पिंपातील मुळांचे भांडवल पिंपाएवढेच असते. अधिक माहिती हवी असल्यास पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कार्यरत आहे.

तिसऱ्या वर्षीचे फळ

लागवडीपासून तिसरे वर्ष पूर्ण होताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पहिले खरे पीक उतरते. तेव्हा मणी बाजारातल्याएवढे मोठे नसतील. व्यापारी बागांत मणी फुगवण्यासाठी ‘जिबरेलिक आम्ल’ या संजीवकाचा वापर होतो, घरी तो नसतो. घरची द्राक्षे लहान, पातळ सालीची आणि गोड असतात. घड कापल्यावर ती अधिक गोड होत नाहीत, म्हणून पूर्ण पिकल्यावरच काढावीत.

इंग्लंडमध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या काचघरात १७६८ मध्ये लावलेली एक द्राक्षवेल आहे. आजही ती दरवर्षी फळ देते. लावणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या, वेल उभी आहे. प्रत्येक अंगणातील वेल इतकी जगेल असे नाही. परंतु नीट बांधलेले खोड एका माणसाच्या हयातीपलीकडे सहज जाऊ शकते, आणि ते खोड पहिल्या दोन वर्षांतच बांधले जाते. येत्या फेब्रुवारीत ज्यांच्या घरी रोप येणार आहे, त्यांनी खड्डा आत्ताच खणून तापत ठेवावा आणि घरातील मुलांना आधीच सांगून ठेवावे, की पहिले घड आपण खाणार नाही.